मॉरिशसमधली नोकरी आणि नाशिकचा कांदा

भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकाला मॉरिशसच्या विमानतळावर उतरताच व्हिसाचा शिक्का मिळतो, तोही फुकट. मुंबईहून विमान जेमतेम सहा तासांत पोहोचते. घड्याळ दीड तास मागे घेतले की झाले. एवढे सोपे असल्यामुळेच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज तयार होतो : आधी फिरायला म्हणून जाऊ, पाच-सहा हॉटेलांत बायोडेटा देऊ, नोकरी लागली की तिथेच राहू.

वस्तुस्थिती अशी की पर्यटकाच्या शिक्क्यावर तिथे पगारी काम एक दिवसही करता येत नाही. परवाना आधी, काम नंतर, हा क्रम तिथे पक्का आहे आणि परवान्याची गाडी मालकापासून सुरू होते. कापड गिरण्या, बांधकाम, बेकऱ्या, हॉटेलची स्वयंपाकघरे अशा कामांसाठी मालक कामगार खात्याकडे वर्क परमिट मागतो. या पदाला स्थानिक माणूस मिळत नाही, हे त्याला सर्वसाधारणपणे दाखवावे लागते. इंजिनिअर, अकाउंटंट, सॉफ्टवेअरवाले यांच्यासाठी ऑक्युपेशन परमिट असते. त्यात कामाची आणि राहण्याची परवानगी एकाच कागदात येते, पण त्याला किमान पगाराची अट आहे. एके काळी ही अट महिना 60 हजार मॉरिशस रुपयांची होती, पुढे ती बरीच खाली आणली गेली. तिथला अर्थसंकल्प दर जूनमध्ये येतो आणि अशा अटी बहुतेक वेळा त्यातच बदलतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा अनुभव कितीही खरा असला तरी नियम म्हणून धरू नये. तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाने जाहीर केलेला ताजा नियमच वाचावा.

2020 साली सुरू झालेल्या प्रीमियम व्हिसाचे नावही हल्ली वारंवार ऐकू येते. महिना किमान 1500 डॉलर कमावणाऱ्याला तो एक वर्षासाठी मिळतो, पण ती कमाई मॉरिशसच्या बाहेरून यायला हवी. पुण्यातल्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करणाऱ्याला तो उपयोगी आहे. तिथे जाऊन नोकरी शोधणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

इथे एजंटांबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून पैसे भरणारी माणसे बहुधा याच टप्प्यावर फसतात. ‘सरकारी शिक्का लागतो म्हणजे सरकारने तपासलेलेच असणार’ असे पुष्कळ जण धरून चालतात. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांसह ठरावीक 18 देशांत जाताना भारत सरकारची वेगळी मंजुरी लागते आणि त्या निमित्ताने करार एकदा तरी सरकारी नजरेखालून जातो. मॉरिशस त्या यादीत नाही. म्हणजे कराराची ती तपासणी इथे आपोआप होत नाही, ती आपली आपण करायची. एजंट 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. नोंदणीकृत एजंटालाही कामगाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणारा माणूस कायदा मोडतो आहे, मग तो गावातला कितीही ओळखीचा असो. आणि तिथे पोहोचल्यावर ‘सांभाळून ठेवतो’ म्हणत कुणी पासपोर्ट मागितला तर देऊ नये. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाने तारण ठेवायची वस्तू नव्हे. परवाना त्या एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर परवान्याची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणून सही करण्याआधी मूळ पगार किती, ओव्हरटाइम कसा मोजणार, राहण्या-जेवणाचे पैसे कापणार का आणि परतीचे तिकीट कोणाचे, या चार गोष्टी लेखी घ्याव्यात.

‘बेट म्हणजे पर्यटन’ हाही अर्धाच खरा समज. हॉटेलांत काम आहे, पण तो व्यवसाय किती नाजूक आहे ते करोनाकाळात दिसले. 2019 मध्ये सुमारे 13 लाख 80 हजार पर्यटक आले होते, 2020 मध्ये तीन लाखांच्या आसपास. पूर्ण दारे उघडली ती ऑक्टोबर 2021 मध्ये. शिकलेल्या भारतीयाला खरी संधी दिसते ती राजधानी पोर्ट लुईच्या दक्षिणेला असलेल्या एबेनच्या सायबर सिटीत : आर्थिक सेवा, लेखापालन, आयटी, बॅक ऑफिस. तिथे एक अडथळा आहे आणि तो आधीच ओळखलेला बरा. बरीच कॉल सेंटर्स फ्रान्सच्या ग्राहकांसाठी चालतात. कागदपत्रे आणि कायदा इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये आणि बाजारातले, बसमधले, घरातले बोलणे क्रिओलमध्ये. इथे अलियान्स फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकण्यात घालवलेले वर्ष तिथल्या मुलाखतीत आणखी एका प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे मला ठामपणे वाटते.

भाषेवरून आणखी एक लोभस समज आठवतो : तिथे मराठी माणसे आहेत, ती सांभाळून घेतील. मराठी माणसे आहेत, हे अगदी खरे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून, मुख्यतः रत्नागिरीच्या बाजूने, मुंबई बंदरातून ती उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकता येते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती शिकवली जाते. पाच-सहा पिढ्यांनी जपलेले हे सारे पाहून ऊर भरून येतो. पण ही माणसे मॉरिशसची नागरिक आहेत, घरात बहुतेक जण क्रिओल बोलतात आणि त्यांच्या मुलांनाही त्याच नोकऱ्या हव्या आहेत. गणपतीला त्यांच्या घरी प्रेमाने बोलावणे येईल. त्या आपुलकीवर नोकरीची मागणी लादू नये.

आता पैशांकडे. तिथलेही चलन रुपयाच, आणि अलीकडच्या काळात त्यांच्या एका रुपयाला आपले साधारण पावणेदोन ते दोन रुपये पडतात. समजा, 40 हजारांची नोकरी मिळाली. घरी लगेच हिशेब होतो : म्हणजे आपले 70-80 हजार! हा गुणाकार फक्त गावी पाठवायच्या रकमेला लागू पडतो. भाडे, वाणसामान, वीज यांचा खर्च तिथल्या रुपयांत आणि तिथल्या भावाने होतो. तुलना करायची तर तिथल्या किमान वेतनाशी करावी. ते जानेवारी 2024 पासून महिना साडेसोळा हजार होते. 40 हजार म्हणजे त्याच्या अडीचपटीपेक्षा थोडे कमी. नीट राहता येईल, पण चैन नव्हे. जमेच्या बाजूही आहेत. वर्षाअखेरीस तेराव्या पगाराची कायद्यातच तरतूद आहे आणि आयकराचा सर्वांत वरचा दर आपल्यापेक्षा कमी, 20 टक्के आहे.

आणि ‘बेटावर काय, मासे-नारळ-भाजी स्वस्तच असणार’ हा समज तर पहिल्याच बाजारात गळून पडतो. मॉरिशस आपल्या अन्नापैकी सुमारे तीन-चतुर्थांश अन्न आयात करतो. लागवडीखालच्या जमिनीचा मोठा भाग आजही उसाखाली आहे. तांदूळ, गहू, डाळी, तेल, दुधाची पावडर, सगळे जहाजाने येते. पेट्रोल-डिझेल पूर्ण आयातीचे. विजेचा मोठा हिस्सा आयात केलेल्या कोळशावर आणि तेलावर चालतो, उसाच्या चिपाडाचा आणि सौरऊर्जेचा वाटा त्यामानाने लहान. हा माल डॉलरमध्ये घ्यायचा आणि 2019 मध्ये डॉलरला सुमारे 36 असलेला तिथला रुपया 2024 मध्ये 46 च्या आसपास गेला. म्हणजे जहाजातले पोते तेच, पण तेवढ्यानेच ते पाव पटीहून अधिक महाग झाले. वर बहुतेक खरेदीवर 15 टक्के व्हॅट. रेशनचा तांदूळ, पीठ आणि स्वयंपाकाचा गॅस सरकारी दराने मिळतो, हा त्यातला दिलासा.

कांद्याचे उदाहरण आपल्या अगदी अंगणातले आहे. डिसेंबर 2023 मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्यांचा संताप आपण पाहिला, आणि तो रास्त होता. त्या काळात ज्या मोजक्या देशांना ठरावीक कांदा देण्याची खास परवानगी भारत सरकारने दिली, त्यांत मॉरिशस होता. हजारो किलोमीटर दूरच्या देशाला तिथल्या रोजच्या भाजीतल्या कांद्यासाठी दिल्लीकडे शब्द टाकावा लागतो, हे समजले की बेटावरचा महिन्याचा खर्च कुठे ठरतो तेही समजते. तो बंदरात आणि दुसऱ्याच कुणाच्या राजधानीत ठरतो.

घराचे म्हणाल तर समुद्र दिसणारी जागा पर्यटकांच्या आणि युरोपातून आलेल्या पेन्शनरांच्या भावाने जाते. ग्राँ बे, फ्लिक-आँ-फ्लाक इथे नोकरदाराने भाडे विचारून परत फिरावे. स्थानिक पगारदार राहतात ते मधल्या पठारावर : रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा, क्युरपीप. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली मेट्रो एक्स्प्रेस 2022 पासून क्युरपीपपर्यंत जाते, त्यामुळे गाडी न घेताही नोकरी करता येते. मात्र क्युरपीप साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर तिथे गारवा, धुके आणि भिंतींना बुरशी आणणारा ओलावा असतो. कोकणातला पावसाळा काढलेल्याला तो परका वाटणार नाही, पण स्वेटर न्यायलाच हवा. पुढेमागे घर विकत घेऊ म्हणाल, तर 1975 च्या कायद्याने परकीयांना ती मुभा सरसकट नाही. ठरावीक प्रकल्पांत आणि ठरावीक किमतीच्या वरच घेता येते.

चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे, जोर जानेवारी ते मार्च. तिसऱ्या दर्जाचा इशारा लागला की कामे आणि बस बंद होतात. जानेवारी 2024 मध्ये ‘बेलाल’ आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. वादळानंतर काही आठवडे हिरव्या भाजीचे भाव चढेच राहतात, कारण शेतात उभे असलेले सगळे झोपलेले असते. म्हणून जाताना घरभाड्याच्या डिपॉझिटखेरीज किमान तीन महिन्यांचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत, आणि ते इथल्या खात्यात ठेवावेत. परवान्याचा कागद हाती येईपर्यंत इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.