किच-इटी-किपीचा झरा : उद्यानाची सीमा आणि पाण्याची सीमा

भूपृष्ठाखालील पाणी जेथे आपोआप पृष्ठभागावर प्रकट होते, त्या स्थानास झरा म्हणतात. ही व्याख्या सोपी असली तरी तीत एक मर्यादा आहे. ती स्थानाची व्याख्या आहे, आणि झरा पाहावयास जाणारा प्रवासीही स्थानच पाहून परततो. पाणी मात्र त्या स्थानाचे नसते. ते अन्यत्र पडलेल्या पावसाचे व अन्यत्र वितळलेल्या हिमाचे असते. झऱ्याचे रक्षण करावयाचे म्हणजे नेमके कशाचे रक्षण करावयाचे, हा प्रश्न या भेदातून उद्भवतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका प्रसिद्ध झऱ्याच्या आधारे त्याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

मिशिगन राज्याच्या उत्तरेकडील द्वीपकल्पात, मॅनिस्टीक या गावाच्या वायव्येस, 'पाम्स बुक' नावाचे राज्य-उद्यान आहे. त्यातील किच-इटी-किपी हा त्या राज्यातील सर्वांत मोठा गोड्या पाण्याचा झरा होय. नाव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ सामान्यतः 'मोठे थंड पाणी' असा दिला जातो. देवदारवर्गीय वृक्षांच्या दाट झाडीत सुमारे २०० फूट रुंदीचे व ४० फूट खोलीचे हे हिरवेगार कुंड आहे. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तार बांधलेली असून तिच्या आधाराने चालणारा तराफा प्रवासी स्वतःच चाक फिरवून पुढे नेतात. तराफ्याच्या मध्यभागी ठेवलेल्या मोकळ्या जागेतून खाली पाहिले असता तळावरील वाळू, बुडालेले वृक्षांचे बुंधे आणि संथपणे फिरणारे ट्राउट मासे स्पष्ट दिसतात. कुंडात पोहण्यास व मासे धरण्यास बंदी आहे.

तराफ्यावरून जे दिसते त्यातील प्रत्येक गोष्ट जमिनीखालील घडामोडींची साक्ष देते. या प्रदेशाखाली सिल्युरियन काळातील, म्हणजे सुमारे ४२ ते ४४ कोटी वर्षांपूर्वीचे, चुनखडक व डोलोमाइट आहेत. त्यांवर हिमयुगातील हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू व रेती पसरलेली आहे. पाऊस व वितळलेले हिम यांचे पाणी या सच्छिद्र थरातून खाली मुरते, मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात विरघळवून घेते आणि त्यामुळे किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडकातील भेगांतून वाहू लागले की भेगांच्या कडा हळूहळू विरघळतात व त्या रुंदावत जातात. ज्या ठिकाणी पाणी जमिनीत मुरते ते ठिकाण झऱ्याच्या मुखापेक्षा उंच असल्याने भेगांतील पाण्यावर दाब असतो. वाट मिळेल तेथे हा दाब पाण्यास वर लोटतो.

तळावरील वाळू अखंड उसळताना दिसते, ती याच दाबामुळे. वर येणाऱ्या प्रवाहाचा वेग वाळूचा कण खाली बसण्याच्या वेगाहून अधिक झाला की कण तरंगत राहतो; प्रवाह मंदावला की तो पुन्हा खाली बसतो. त्यामुळे तळाशी वाळूचे ढग क्षणोक्षणी आकार बदलीत असल्याचा भास होतो. बुडालेल्या फांद्यांवर साचलेल्या पांढुरक्या पुटाचे कारण वेगळे आहे. दाबाखालून मोकळ्या कुंडात आलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निसटू लागतो, त्याबरोबर चुना विरघळवून ठेवण्याची पाण्याची शक्ती घटते आणि चुना फांद्यांवर साचतो. पाण्याचे तपमान वर्षभर ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सिअस, राहते. जमिनीखाली काही खोलीवर ऋतूंचा चढउतार पोहोचत नाही हे त्याचे कारण. म्हणूनच कडक हिवाळ्यातही हे कुंड गोठत नाही. हिरव्या रंगाचा उलगडाही साधा आहे. शुद्ध पाणी प्रकाशातील तांबडा भाग प्रथम शोषून घेते. गाळ अत्यल्प असल्याने उरलेला निळा-हिरवा प्रकाश तळापर्यंत जाऊन परत येतो.

झऱ्यातून दर मिनिटास १०,००० गॅलनांहून अधिक, म्हणजे सुमारे ३८,००० लिटर, पाणी बाहेर पडते. दिवसाचा हिशेब केल्यास हा आकडा साडेपाच कोटी लिटरांच्या आसपास जातो. हे सर्व पाणी एका छोट्या ओढ्यातून जवळच्या 'इंडियन लेक' या सरोवरास मिळते. तथापि अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ ऑस्कर माइंझर यांनी झऱ्यांची जी श्रेणी लावली, तीत प्रथम श्रेणीसाठी सेकंदास १०० घनफूट प्रवाह आवश्यक मानला आहे. किच-इटी-किपीचा प्रवाह सेकंदास सुमारे २२ घनफूट असल्याने तो द्वितीय श्रेणीत पडतो. 'सर्वांत मोठा' हे विशेषण राज्यापुरतेच घ्यावयाचे आहे.

हा झरा सुरक्षित राहिला तो एका व्यापाऱ्याच्या प्रयत्नांमुळे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुंड उन्मळलेल्या वृक्षांनी झाकलेले होते आणि लाकूडतोडे त्याच्या परिसरात केरकचरा टाकीत असत. मॅनिस्टीक येथील दुकानदार जॉन बेलेअर यांना या स्थळाने मोहिनी घातली. ते स्वतः जमीन विकत घेऊ शकले असते. परंतु त्यांनी ती सार्वजनिक व्हावी असा आग्रह धरला. १९२६ साली पाम्स बुक लँड कंपनीने ९० एकर जमीन केवळ १० डॉलरांस राज्याला दिली. जमिनीचा उपयोग कायम सार्वजनिक उद्यान म्हणूनच व्हावा, अशी अट खतात होती. पुढे १९३० नंतरच्या दशकात बेकार तरुणांसाठी काढलेल्या शासकीय दलाने तेथे धक्का व तराफा बांधला. कालांतराने उद्यानाचा विस्तार तीनशे एकरांच्या वर गेला.

या खताने झऱ्याचे मुख निश्चितपणे वाचविले. परंतु पाणी जेथून येते तो प्रदेश उद्यानाच्या कुंपणाने ठरत नाही. तो खडकांतील भेगांच्या दिशेने आणि भूजलाच्या उताराने ठरतो. केवळ मुखाचे रक्षण किती अपुरे पडू शकते, हे फ्लॉरिडा राज्यातील वकुला झऱ्याच्या इतिहासावरून दिसते. तोही चुनखडकातला झरा असून १९८६ पासून राज्य-उद्यानात सुरक्षित आहे. तथापि त्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढले व तळाशी वनस्पतींची अनिर्बंध वाढ झाली. या शतकाच्या पहिल्या दशकात कित्येक मैल दूर, टॅलाहासी शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी ज्या शेतजमिनीवर शिंपडले जात असे, तेथील भूजलात रंगद्रव्य सोडण्यात आले. ते पुढे वकुलाच्या पाण्यात आढळले आणि दोहोंचा संबंध प्रत्यक्ष सिद्ध झाला. त्यानंतर शहराच्या सांडपाण्यातील नायट्रोजन कमी करण्याची यंत्रणा उभारली गेली व झऱ्यातील नायट्रेटही घटले. उद्यानाच्या आत कितीही कडक नियम केले असते तरी हा परिणाम साधला नसता. उपाय दूरच्या शहरातच करावा लागला.

फ्लॉरिडातील भूरचना व लोकवस्ती मिशिगनहून भिन्न आहे. त्यामुळे एका झऱ्याचे भवितव्य दुसऱ्यावर आरोपित करणे योग्य नव्हे. पण अभ्यासाची पद्धत दोन्हींकडे एकच राहते. प्रथम मुखाशी प्रवाह, तपमान व विरघळलेली द्रव्ये यांची नियमित नोंद ठेवावी लागते. मग भूजलाची पातळी व रंगद्रव्याचे प्रयोग यांच्या साह्याने पाण्याचा मागोवा उगमक्षेत्रापर्यंत न्यावा लागतो, आणि त्यानंतरच संरक्षणाची सीमा आखता येते. १९२६ च्या खतावेळी हाती होते तेवढे ज्ञान लक्षात घेता ९० एकरांची ती सीमा दूरदृष्टीचीच म्हटली पाहिजे. आज मात्र तराफ्यावरून तळाकडे पाहणाऱ्या अभ्यासकाने हेही ध्यानात घ्यावयास हवे की, खाली उसळणाऱ्या वाळूला हलविणारे पाणी कुंपणापलीकडच्या जमिनीतून आलेले असते, आणि त्या जमिनीवर जे घडते ते आज ना उद्या या कुंडात उमटते.