जॅझची रात्र आणि आपला ढोल

मागच्या बैठकीत कर्जफेडीचा हिशोब झाला आणि चहा उकळेपर्यंत एक वेगळाच विषय निघाला. आमच्या एका सभासद ताईची मुलगी पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. सुट्टीला आलेली. ती म्हणाली, "आमच्याकडे शनिवारी रात्री जॅझ असतं. लोक तिकीट काढून येतात आणि वाजवणाऱ्यांकडे तोंड करून गुपचूप ऐकत बसतात." आम्ही विचारलं, दारू असते का? ती म्हणाली, असते. झालं! अर्ध्या बायांनी विषय तिथंच मिटवला. पण आम्ही तिला खोदून विचारलं, थोडं वाचलंही. तेच आज सांगतो.

जॅझ जन्मलं अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स शहरात. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं तिथं रविवारी काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानावर जमायची, ढोल वाजवायची, नाचायची. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी बँडची पितळी वाद्यं हाती घेतली आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुमाराला हे संगीत उभं राहिलं.

ते चालतं कसं, ते ऐका. चार-पाच जण असतात. एक ड्रमवर, एक माणसाएवढ्या उंच तंतुवाद्यावर, त्याला बास म्हणतात. एक पियानोवर, एकदोघं ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन फुंकणारे. आधी सगळे मिळून गाण्याची चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी. समजा १२ घरांचा फेरा आहे आणि प्रत्येक घरात ४ ठोके, म्हणजे ४८ ठोक्यांचं एक आवर्तन. ज्याची पाळी असेल त्यानं तेवढ्या जागेत मनानं वाजवायचं, आधी लिहिलेलं नाही, पाठ केलेलं नाही. बाकीचे ठेका धरून त्याला सांभाळतात. हवं तर तो आणखी एक फेरा घेतो, मग दुसऱ्याला डोळ्यानं खुणावतो. कधी चार घरं सॅक्सोफोन, चार घरं ड्रम, असे सवाल-जवाब रंगतात. शेवटी एकजण स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवतो. म्हणजे चला, मूळ चालीवर परत. एकेकाची पाळी संपली की लोक गाणं चालू असतानाच टाळ्या देतात.

होळीच्या रात्री आपल्याकडे काय होतं? मोठा ढोल ठेका धरतो, मांदल त्याच्याशी बोलतो, बासरीवाला मध्येच आपलं काही घालतो आणि पहाटेपर्यंत कोणी कागद बघत नाही. आम्ही हे म्हटल्यावर आमची एक आजी म्हणाली, "मग त्यात नवीन काय?" जॅझ आणि होळी एक नाही, सूर वेगळे, देव वेगळे. पण आजीचं अगदीच चूक नव्हतं.

आता दारूचा मुद्दा. मुंबईत जॅझ मोठं झालं ते हॉटेलांत. १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. ते चर्चच्या शाळांत लहानपणीच सूर लिहायला-वाचायला शिकलेले. त्यांतला आल्डोना गावचा चिक चॉकलेट ट्रम्पेटसाठी गाजला. मग १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांची गिऱ्हाइकं घटली. पुष्कळ वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी संगीत दिलेल्या १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात चिक चॉकलेटचा बँड वाजला.

आम्हाला वाटलं होतं, बाटली गेली की जॅझही गेलं असेल. तसं झालं नाही. चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत खाण्या-पिण्याच्या टेबलांसमोर बँड वाजतच राहिले, आणि ते पिणं चहा-कॉफीचं. दारूबंदी चालू असतानाच १९५८ साली डेव्ह ब्रूबेक हा अमेरिकेतला नामांकित वादक मुंबईत कार्यक्रम करून गेला. लोर्ना कोर्देरो ही गायिका याच मुंबईत अगदी तरुण वयात पुढे आली. पुढं वीस वर्षांहून जास्त काळ तिचं गाणं थांबलं होतं, तरी १९९५ साली ती गोव्यात पुन्हा उभी राहिली तेव्हा लोक विसरले नव्हते. आणि १९७८ साली धोबी तलावच्या रंगभवनात मोठा महोत्सव भरला, त्याचं नाव काय ठेवलं? जॅझ यात्रा! आपल्या तोरणमाळच्या गोरखनाथाच्या यात्रेसारखी यात्रा.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथं खेड्यात पब असतो. दारू असतेच, पण गावाची बसायची जागाही तीच. असे पब धडाधड बंद पडायला लागले तेव्हा काही गावांनी शेअर काढून ते विकत घेतले. हेस्केट न्यूमार्केट गावानं २००३ साली घेतला. अशा संस्थांत शेअर कितीही असोत, मत माणशी एकच. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या बचत गटाचंच रूप. अशा काही जागी आठवड्यातली एक रात्र वाजवणाऱ्यांची असते.

आम्ही काही पब काढा म्हणत नाही. निम्म्याहून जास्त बायांनी मत देऊन बाटली आडवी करायची, हा हक्क आपल्याला आहे. धडगाव तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तेव्हा पेसा कायद्यानं दारूबद्दल ग्रामसभेलाही बोलता येतं. मोहाची धार देवाला देतो, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो रोजच्या पिण्याबद्दल. घरात मार कोणाला बसतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

पण गेल्या वर्षी दोन लग्नांत डीजे आला आणि आमच्या पाड्यावरचे ढोलवाले कडेला बसून राहिले. डीजेवाल्याला हजारो रुपये मिळाले. ढोलवाल्यांना मात्र जेवण आणि एक बाटली. ढोलवाल्याची मजुरी बाटलीत मोजायची सवय आपणच लावली, हे आम्हाला सगळ्यात जास्त टोचलं. त्याची बायको आमच्याच गटात आहे. त्या बाटलीतून तिच्या घरी मीठसुद्धा येत नाही.

म्हणून गटानं ठरवलंय. येत्या पौर्णिमेला यशवंत तलावाजवळ एक संध्याकाळ. माणशी २० रुपये, पर्यटकांना ५०. चहा, भगर आणि भाजलेली कणसं गटाची. स्पीकर नाही, बाटली नाही. जमलेल्या पैशांतून आधी वाजवणाऱ्यांची रोख मजुरी, ती त्यांच्या हातात द्यायची की बायकोच्या खात्यात, यावर बैठकीत दोन तास भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही. ढोलाचं कातडं शेकायला लाकडं मात्र गोळा झालीत.