रिपोर्ट नॉर्मल, तरी आजार आहे

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणारी बाई डॉक्टरकडे जाते तेव्हा ‘मन उदास आहे’ असं सहसा सांगत नाही. डोकं जड, छातीत धडधड, अंगात बळ नाही, झोप येत नाही, अशा तिच्या तक्रारी असतात. रक्त तपासतात, ईसीजी काढतात. सगळं नॉर्मल. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ ऐकून ती परतते, आणि मग घरातलं कुणीतरी ‘बाहेरचं असेल’ म्हणतं.

तिला झालेलं असतं. नैराश्य आणि चिंता हे आजार कितीदा तरी शरीरातूनच बोलतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला, आणि नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत शंभरातले पंच्याऐंशी उपचाराविना होते.

मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. बोलण्यातून होणारा मानसोपचार त्याच्या जोडीने चालतो, आजार सौम्य असेल तर एकटाही पुरतो. धीर देणं किंवा उपदेश करणं म्हणजे हा उपचार नव्हे. यंत्रमाग बंद पडून घरी बसलेला माणूस म्हणतो, ‘आता माझ्याच्यानं कधीच काही होणार नाही.’ ‘सकारात्मक विचार करा’ हे त्याला शेजारीही सांगतात. मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याबरोबर बसून ते वाक्य तपासतात: काम गेलं हे खरं, पण ‘काही’ म्हणजे नेमकं काय, ‘कधीच’ कशावरून? अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही दिशा धरली. घटनेइतकाच, किंबहुना अधिक, त्रास घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीतून होतो, हे त्यांचं सूत्र. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि हा विचार मराठीत रुजवला.

दुसरी वाट कृतीची. नैराश्यात माणूस एकेक काम सोडतो, आणि सोडल्यामुळे आणखी खचतो. म्हणून आधी छोटी कृती ठरवायची: सकाळी अंघोळ, सिद्धेश्वर तलावापर्यंत एक फेरी, बहिणीला एक फोन. उत्साह आल्यावर उठू म्हटलं तर तो येतच नाही. उठल्यावर हळूहळू येतो. गोव्यात ‘संगत’ संस्थेने हेच प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिलं. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. ‘लॅन्सेट’मधल्या २०१७च्या अहवालानुसार तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली होती, ज्यांना फक्त नेहमीचे उपचार थोडी सुधारणा करून दिले, त्यांच्यात ३९ टक्क्यांची.

सोलापूरला अशा प्रशिक्षित स्थानिक माणसांची गरज अधिक आहे, असं मला ठामपणे वाटतं. इथे घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. रक्तदाब कुठल्याही भाषेत मोजता येतो. सासरची घुसमट मात्र माणूस आईच्या भाषेतच सांगतो. पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी आशा कार्यकर्ती या कामासाठी शिकवली, तर ती जे ऐकेल ते परक्या भाषेतल्या तज्ज्ञाच्या कानी पडणार नाही.

तोवर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी असेल, कामात मन लागत नसेल तर थांबू नका. कुणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.