सदतीस मीटरला एक मीटर

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात आणि त्यांना मागून जादा इंजिनं लावली जातात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. इथून लोणावळ्यापर्यंत 1863 मध्ये खुला झालेला बोरघाट. त्याचा तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

ऐकायला हा चढ किरकोळ वाटतो. पण 1000 टनांची गाडी घ्या. सपाट रुळांवर तिचा वेग दर सेकंदाला 0.1 मीटर प्रतिसेकंद इतका वाढवायला, घर्षण बाजूला ठेवलं तर, सुमारे 10 टन वजनाइतका जोर पुरतो. घाटात गुरुत्वाकर्षण तिला 27 टन वजनाइतक्या जोराने मागे ओढत असतं. तेवढा जोर नुसता ती घसरू नये म्हणून खर्ची पडतो. वेग वाढवायचे 10 टन त्यावर. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला नियम हाच आहे: उलट दिशेची ओढ वजा जाऊन उरलेल्या बलाला वस्तुमानाने भागलं की त्वरण मिळतं.

मग इंजिन तरी हलकं का करू नये? कारण चाकाची रुळावरची पकड त्याच्या वजनावर अवलंबून असते. मोटार कितीही दणकट असो, इंजिन हलकं असेल तर चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून आपली मोठी विद्युत इंजिनं सव्वाशे टनांच्या घरात असतात. शिवाय बँकर मागून रेटतात, त्यामुळे डब्यांमधल्या कपलिंगवरचा ताणही कमी होतो.

मला जास्त विलक्षण वाटतो तो उतार. ब्रेक सुटलेली भरलेली मालगाडी आणि एकटा रिकामा डबा, दोघांचा वेग जवळपास सारखाच वाढतो. वस्तुमान दुप्पट झालं की गुरुत्वाची ओढही दुप्पट होते, भागाकार तोच राहतो. घर्षण सोडलं तर मिनिटभरात ताशी 57 किलोमीटर! थांबवताना मात्र ही बरोबरी उरत नाही. तेवढ्याच अंतरात थांबायला जड गाडीला तितक्याच पटीने मोठं ब्रेकबल लागतं. म्हणूनच उतरणाऱ्या गाड्यांना घाटात मंकी हिल, ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी तांत्रिक थांबे असतात, आणि ताब्यात न राहिलेली गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढावर नेणाऱ्या ‘कॅच सायडिंग’ही बांधलेल्या आहेत. तिथे तेच गुरुत्वाकर्षण ब्रेकचं काम करतं.