रुग्णालयांची पारख आणि दात्यांची थैली

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे कोणत्या डॉक्टरास दाखवावें, कोणत्या रुग्णालयांत न्यावें, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत बहुधा ऐकीव माहितीवर सुटतो. मामंजींच्या स्नेह्यास तेथें गुण आला, शेजारच्या सूनबाईंचें बाळंतपण तेथें सुखरूप झालें, एवढा आधार आपणांस पुरतो. भाजी आपण पारखून घेतों, सोनें कसास लावून घेतों. पण जेथें घरचें माणूसच दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचें, त्या ठिकाणाची पारख करण्याचें साधन सामान्य गृहस्थाजवळ नसतें. हें साधन त्यास कोणीं पुरवावें आणि त्याचा खर्च कोणाच्या थैलींतून निघावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे. अमेरिकेंत या बाबतींत गेल्या साठ वर्षांत जें घडलें, तें आपणांसहि विचार करावयास लावण्याजोगें आहे.

१९९९ च्या नोव्हेंबरांत वॉशिंग्टन येथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या विद्वत्संस्थेनें एक अहवाल प्रसिद्ध केला. उपचारांतील चुकांमुळें अमेरिकन रुग्णालयांत दरसाल ४४,००० पासून ९८,००० पर्यंत माणसें दगावत असावींत, असा त्यांत अंदाज होता. या आंकड्यांवर पुढें पुष्कळ वाद माजला; परंतु रोग बरा करण्यासाठीं जेथें जावयाचें तेथेंच जीव धोक्यांत येऊं शकतो, ही गोष्ट कोणास नाकारतां आली नाहीं. अशा चुका बहुधा एकाद्या निष्काळजी माणसामुळें नव्हे, तर कामाच्या सदोष रचनेमुळें घडतात, हेंहि अहवालानें निक्षून सांगितलें. २००१ सालीं त्याच संस्थेनें उत्तम उपचाराचीं सहा लक्षणें सांगितलीं. तो निर्धोक असावा, गुणकारी असावा, रोग्याच्या गरजा व इच्छा ओळखून केलेला असावा, वेळेवर मिळावा, त्यांत उधळपट्टी नसावी, आणि कोणताहि भेदभाव न करितां तो सर्वांस सारखाच मिळावा.

पण अहवाल वाचतात विद्वान् लोक. सामान्य माणसाच्या ओसरीपर्यंत तो कोणीं आणून पोंचवावा? अमेरिकन सरकारनें २००५ पासून रुग्णालयांच्या गुणवत्तेचे आंकडे लोकांस पाहावयास खुले केले. आंकडा खरा असला तरी तो मनास भिडत नाहीं; त्याचा अर्थ सांगणारा कोणी लागतो. २००६ च्या ऑक्टोबरांत पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीनें याच विषयावर चार भागांची एक माला दाखविली. तींत एका दीड वर्षाच्या मुलीच्या मातेची हकीकत होती. ऊन पाण्यानें भाजलेली ती पोर एका नामांकित रुग्णालयांत जवळजवळ बरी होत आली होती. तिला तहानेनें व्याकूळ झालेली पाहून आई वारंवार सांगत राहिली. परंतु तिच्या सांगण्याकडे पुरेसें लक्ष गेलें नाहीं. देऊं नये तें गुंगीचें औषध मुलीस दिलें गेलें, आणि घरीं जाण्याचे दिवस जवळ आले असतां ती गेली. हें २००१ सालीं घडलें. आईबापांनीं भरपाईच्या रकमेंतील कांहीं भाग त्याच रुग्णालयास रोग्यांच्या सुरक्षिततेच्या कामासाठीं परत दिला. उपचाराची गुणवत्ता म्हणजे काय, हें अशा एका हकीकतींतून जितकें उमगतें, तितकें शंभर कोष्टकांतून उमगत नाहीं.

आतां प्रश्न असा, कीं अशा हकीकती शोधण्याचा आणि सांगण्याचा खर्च कोण करील? जाहिरातींवर चालणाऱ्या वृत्तपत्रास व दूरचित्रवाणीस रुग्णालयें आणि औषधांचे कारखानदार हे मोठे आश्रयदाते असतात. अमेरिकेंत तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून न मिळणाऱ्या औषधांच्या जाहिरातीहि सर्रास दाखविल्या जातात. ज्याच्या पैशावर चूल पेटते त्याच्या मालांत खोट आहे, हें सांगण्याचें धैर्य थोड्यांच्याच अंगीं असतें. म्हणून असें वृत्त देण्यास बाजारापासून अलिप्त अशी संस्था हवी, आणि तिच्या पोटापाण्याची सोय दुसरीकडून झाली पाहिजे.

अमेरिकेंत ही सोय प्रथम धर्मादाय द्रव्यानें झाली. कार्नेगी निधीच्या साह्यानें नेमलेल्या एका मंडळानें १९६७ सालीं सार्वजनिक दूरचित्रवाणीची योजना मांडली, आणि त्याच वर्षीं ७ नोव्हेंबर रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं तत्संबंधीं कायद्यावर सही केली. त्यांतून सार्वजनिक प्रसारण महामंडळ निघालें. पुढें पीबीएस ही दूरचित्रवाणीची व एनपीआर ही नभोवाणीची संस्था उभी राहिली. आरोग्यविषयक वृत्तासाठीं मोठ्या निधींनीं वेळोवेळीं देणग्या दिल्या. रॉबर्ट वुड जॉन्सन निधि हा त्यांतील एक. हेन्री कैसर या कारखानदारानें १९४८ सालीं स्थापिलेल्या निधीनें तर २००९ सालीं आरोग्यापुरतें स्वतंत्र वृत्तमंडळच काढलें. त्याचे लेख इतर वृत्तपत्रांस फुकट छापतां येतात. २०१८ सालीं त्यानें आणि एनपीआरनें मिळून दरमहा एका रोग्याचें बिल तपासून त्याची हकीकत देण्यास प्रारंभ केला.

येथें चतुर वाचकाच्या मनांत एक शंका आल्यावांचून राहणार नाहीं. रॉबर्ट वुड जॉन्सन यांची संपत्ति मलमपट्ट्या व औषधें विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनींतून आलेली. कैसर यांच्या नांवाची तर एक मोठी रुग्णालयसंस्थाहि आहे. निधीचा तिच्याशीं आज संबंध नसला तरी नांव एकच. मग अशा द्रव्यावर पोसलेलें वृत्त निःपक्षपाती कसें राहील? शंका रास्त आहे. तीवर जो उपाय योजिला जातो तो असा, कीं दाता पैसा देईल, पण कोणती बातमी द्यावी व कशी द्यावी हें संपादकच ठरवील. आणि ज्या संस्थेचा पैसा घेतला तिच्यासंबंधीं बातमी देतांना ती गोष्ट श्रोत्यांस उघड सांगितली जाईल. ही भिंत दिसत नाहीं, पण तिच्यावरच सर्व इमारत उभी असते. दात्याचा विषयावर लोभ असतो, हें मात्र भिंतीनेंहि टळत नाहीं. ज्या रोगास दाता आहे त्याची चर्चा होते. ज्यास नाहीं तो अंधारांत राहतो.

सरकारी पैशाची गोष्ट याहून निराळी नाहीं. महामंडळाच्या कायद्यानें सरकारी अधिकाऱ्यांस कार्यक्रमांत हात घालण्यास बंदी केली होती. तरी १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं महामंडळाच्या पैशाचें विधेयक नाकारलें. तो धडा घेऊन १९७५ च्या कायद्यानें रक्कम दोन वर्षें आगाऊ मंजूर करण्याची वहिवाट पडली. हेतु हा, कीं आजची बातमी आवडली नाहीं म्हणून उद्यांची भाकरी तोडतां येऊं नये. परंतु २०२५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकन काँग्रेसनें पुढील दोन वर्षांसाठीं मंजूर झालेले सुमारें ११० कोटि डॉलर परत घेतले, आणि १ ऑगस्ट रोजीं महामंडळानें आपला कारभार आवरता घेत असल्याचें जाहीर केलें. मोठ्या शहरांतील केंद्रें श्रोत्यांच्या देणग्यांवर तग धरतील. पण जेथें वृत्तपत्र बंद पडलें आणि दवाखाना कोसाकोसांवर आहे, अशा ग्रामीण भागांतील कांहीं केंद्रांचा निम्म्याहून अधिक खर्च याच पैशावर चाले. तेथील रुग्णालयाची बरीवाईट हकीकत आतां कोण सांगणार? कांहीं निधि मदतीस धांवले. पण धर्मादायाच्या ओंजळीनें सरकारी तळ्याची भरपाई होत नाहीं.

इंग्लंडांत तिसरी रीत आहे. तेथें दूरचित्रवाणी पाहणारें प्रत्येक घर परवान्याची वार्षिक रक्कम भरतें आणि तीवर बीबीसी चालते. २०११ च्या मे महिन्याच्या अखेरीस बीबीसीच्या 'पॅनोरामा' या कार्यक्रमानें ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयांत मतिमंद रोग्यांचे होणारे हाल गुप्त छायाचित्रणानें उघडकीस आणले. तेथील एका माजी परिचारकानें सरकारी तपासणी मंडळास आधींच कळविलें होतें. पण मंडळ हललें नाहीं. कार्यक्रम दिसतांच तें रुग्णालय बंद झालें, आणि २०१२ सालीं अकरा जणांस शिक्षा झाली. त्यांपैकीं सहा जण तुरुंगांत गेले. ज्या रोग्यांस स्वतःचें दुःख धड सांगतांहि येत नव्हतें, त्यांच्या वतीनें सामान्य घरांच्या वर्गणीनें साक्ष दिली, असेंच म्हटलें पाहिजे.

आपल्याकडेहि एके काळीं टपालकचेरींत जाऊन रेडिओचा परवाना काढावा लागे. घरांतील वडीलधाऱ्यांस तें आठवत असेल. १९८० नंतरच्या दशकांत ती चाल गेली. १९९० च्या कायद्यान्वयें १९९७ सालीं प्रसारभारती स्थापन झाली, पण तिचा मोठा आधार सरकारी अनुदानाचाच आहे. लस कधीं टोंचावी, पाणी कसें उकळावें, हें आकाशवाणीनें आपणांस निष्ठेनें शिकविलें, आणि त्याचें ऋण मोठें आहे. परंतु रोग्यानें काय करावें हें सांगणें निराळें, आणि रुग्णालयानें काय केलें नाहीं हें सांगणें निराळें. दुसऱ्या कामास नुसतें अनुदान पुरत नाहीं; अनुदान देणाऱ्याविरुद्धहि बोलण्याची मुभा लागते.

आमचें मत असें, कीं या कामीं एकच थैली कधींहि पुरेशी नाहीं. सरकारची थैली मोठी, पण तिची दोरी राज्यकर्त्यांच्या हातीं. दात्याची थैली उदार, पण तिला स्वतःची आवडनिवड. श्रोत्याची थैली लहान, पण तिला रोग्याच्या हितावांचून दुसरा स्वार्थ नाहीं. तिन्ही एकत्र असाव्यात, म्हणजे एकीनें हात आंखडला तरी वाचा बंद पडणार नाहीं. आणि आरोग्यावरील कोणताहि लेख वाचतांना वा कार्यक्रम ऐकतांना घरांतील प्रत्येकानें तीन प्रश्न मनाशीं विचारावे : याचा खर्च कोणीं केला? तें उघडपणें सांगितलें आहे काय? आणि पैसा देणाऱ्याच्या विरुद्ध जाणारी एक तरी गोष्ट येथें कधीं आली आहे काय? तिसऱ्या प्रश्नास जेथें होकार मिळेल, तेथें वर्षाकाठीं चार पैसे द्यावयास गृहस्थानें मागेंपुढें पाहूं नये. देवळांत टाकलेल्या दक्षिणेइतकेंच तें पुण्य आहे, आणि तें कोणाच्या तरी घरच्या माणसाच्या उपयोगीं पडेल.