कळसूबाईच्या वर बीदर

इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचा ठरलेला विषय आज राहू द्या. मे महिन्याच्या दुपारी छोटं विमान उडवू नये, असं मागच्या खेपेला जाता जाता लिहिलं होतं. त्यावर आळंदच्या एका वाचकांनी खडसावून विचारलंय की कलबुर्गीची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे, मग भ्यायचं कशाला? प्रश्न बिनतोड आहे, आणि विषय माझ्या आवडीचा. त्यामुळे आजचा सगळा लेखांक त्यांचा.

विमानाला समुद्रसपाटी कळत नाही, हवेची दाटी तेवढी कळते. आणि हवा उंचावर विरळ होते तशी तापल्यानेही होते. वैमानिकांचा ठोकताळा सोपा आहे. समुद्रसपाटीला 15 अंश प्रमाण धरायचं, दर हजार फुटांना 2 अंश कमी करायचे. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश जास्त, तितक्या वेळा 120 फूट उंचीत मिळवायचे. बीदरचा विमानतळ सुमारे 2,200 फुटांवर आहे, म्हणजे प्रमाण तापमान 11 अंशांच्या आसपास. पारा 40 वर गेला की फरक 29 अंशांचा, आणि विमानाच्या लेखी उंची 5,700 फूट! कळसूबाईचं शिखर 5,400 फुटांचं. कलबुर्गी तशी सखल, तरी 42 अंशांना तीही महाबळेश्वरच्या वर जाते.

परिणाम तिहेरी होतो. पंख्याला ओढायला हवा कमी, पंखांना तोलायला कमी, इंजिनाला जाळायलाही कमी. सेसना 172 एसचं 180 अश्वशक्तीचं इंजिन अशा दुपारी जेमतेम 150 देतं. समुद्रसपाटीवर, 15 अंशांना, भरलेलं विमान 960 फूट धावून जमीन सोडतं. इथे जवळपास दीडपट धावतं. वर वेगमापक काही सांगत नाही. तोही त्याच विरळ हवेवर चालतो, त्यामुळे काटा नेहमीच्या आकड्यावर येतो आणि चाकं मात्र जास्त वेगाने पळत असतात.

तीन किलोमीटरच्या पट्टीवर हे खपून जातं, इथवर आळंदकरांचं बरोबर. पण ज्यांच्यामुळे ही लेखमाला सुरू झाली त्या ख्रिस्ती मिशनच्या विमानांना अशी पट्टी कुठली? 1945 साली अमेरिकेत मिशन एव्हिएशन फेलोशिप निघाली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं चालवलेल्या बेटी ग्रीन त्यांच्या पहिल्या वैमानिक. या मंडळींच्या वाट्याला पुढे न्यू गिनीच्या डोंगरांतल्या गवताच्या आखूड पट्ट्या आल्या. तिथे चढाकडे तोंड करून उतरायचं आणि उताराकडे उडायचं. औषधांचं खोकंच काय, माणूससुद्धा काट्यावर चढल्याशिवाय विमानात चढत नाही, आणि कामं शक्यतो सकाळीच उरकतात. बीदरच्या मेथडिस्ट मिशनला अशा विमानाची गरज पडली नाही. इथे जमिनीवरून जाता येत होतं.

आता देखभालीचं. विरळ हवेत पेट्रोल तेवढंच सोडलं तर मिश्रण घट्ट होतं, ताकद आणखी घटते आणि पेट्रोलमधल्या शिशाची पुटं स्पार्क प्लगवर चढतात. म्हणून वैमानिकासमोरचं लाल बोंड थोडं मागे ओढून मिश्रण पातळ करायचं. शिकाऊ मुलं याला बिचकतात, कारण तेच बोंड पूर्ण ओढलं की इंजिन बंद होतं. ती भीती घालवणं हे शिक्षकाचं काम. तसं झालं नाही की काजळी खरवडत बसतो मेकॅनिक. त्यात आपली काळी माती. ती उन्हाळ्यात भुरभुरून एअर फिल्टरमध्ये बसते आणि आधीच उपाशी इंजिनाची हवा आणखी तोडते. पुस्तकातल्या 50 तासांची वाट इथे पाहू नये, फिल्टर रोज उघडून बघावा.

तेव्हा आळंदकर, कलबुर्गीहून दुपारी उडता येईल. पण जिथे उतरायचं तिथली पट्टीही पुरेशी लांब हवी. सोलापूरकरांनी 1,500 फूट आणि 43 अंश धरून आपला आकडा काढून पाठवावा. मॅग्नेटो पुढच्या आठवड्यात.