बॅट कुणाच्या मापाची?

वार्षिक परीक्षा संपल्या की पुण्यातल्या खेळाच्या दुकानांत बॅट-खरेदीचा हंगाम सुरू होतो. गिऱ्हाईक बहुधा जोडीने येते. बाप आणि मुलगा. मुलगा बॅटवरचे स्टिकर पाहतो, बाप किमतीची चिठ्ठी. दुकानदार दोघांचे चेहरे पाहतो आणि कोणती बॅट खपणार हे ओळखतो.

बॅटची रुंदी ४.२५ इंचांपेक्षा आणि लांबी ३८ इंचांपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. २०१७ मध्ये जाडीवरही मर्यादा आली. कड ४० मिलिमीटरपुढे जाता कामा नये. वजनाबद्दल मात्र नियम गप्प आहे. माणसाचा स्वभाव शिरतो तो नेमका इथून.

हिशेबी माणूस विलोच्या पात्यावरच्या उभ्या रेषा मोजतो, पत्रिकेतले गुण मोजावेत तशा. (कमी रेषांची बॅटही छान चालते, पण हे त्याला पटत नाही.) हौशी माणूस भर दुकानात षटकार मारून पाहतो. तिसरा एखादाच बॅट टेकवून उभा राहतो, दोनदा उचलतो आणि परत ठेवतो. खरा पारखी तोच. कारण काट्यावरचे वजन आणि हाताला जाणवणारे वजन एक नसते. पात्याचा फुगवटा खाली असला तर तेवढ्याच वजनाची बॅट जड लागते.

सचिन तेंडुलकरचे उदाहरण हमखास दिले जाते. लहानपणी तो थोरल्या भावाची, अजितची बॅट वापरे. जड बॅटची सवय तिथूनच लागली. २००४ मध्ये कोपराचे दुखणे उद्भवले, तेव्हा हलकी बॅट घेण्याचा सल्ला मिळाला. त्याने प्रयत्न केला, पण जमेना. त्याचा सगळा झोकच त्या वजनावर बेतलेला होता. म्हणजे माणूस बॅट निवडतो हे अर्धेच खरे. लहानपणी हातात आलेली बॅटही माणूस घडवते.

आणि शाहिद आफ्रिदी? १९९६ साली नैरोबीत श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक ठोकले ते सचिनच्या बॅटने, असे त्यानेच पुढे सांगितले. ही बॅट कोणाची आहे, हे ठाऊक असण्याचा त्या धावांत वाटा किती, ते कोणत्या तराजूवर तोलणार? आपल्या पूना क्लबच्या मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांच्या बॅटचे वजन विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

मला काळजी वाटते ती दुकानातल्या त्या बापाची. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसाच तो बॅटही एक नंबर मोठी घेतो. 'दोन वर्षं पुरेल.' गणवेशाच्या बाह्या दुमडता येतात, बॅटच्या नाही. जड बॅट मुलाला वेळेत उचलता येत नाही. मग खालचा हात जोर करू लागतो, बॅट सरळ येण्याऐवजी आडवी फिरते आणि दोन वर्षांनी नेमकी मापाची होते, तेव्हा आडवा फटका अंगात मुरलेला असतो. त्यात 'सचिनही मोठीच वापरायचा' हा युक्तिवाद तयारच.

परीक्षा सोपी आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाला फक्त डाव्या हाताने बॅट समोर धरायला सांगावे आणि सावकाश दहा अंक मोजावेत. टोक झुकू लागले तर ती दुकानात परत ठेवावी, स्टिकर कोणाच्याही नावाचे असो.